तीन प्रती

गेल्या मंगळवारपासून डिस्क वाजते आहे.
टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.
पाल चुकचुकावी तशी,
आणि मी सवयीने म्हणते, कृष्ण कृष्ण.

कन्नमवार नगर, तळमजला, बाहेरची खोली.
सव्वीस जुलैनंतर सीपीयू मी पाटावर बसवला
नवरदेवासारखा, तो अजून खाली उतरलेला नाही.
त्याच्या पोटात बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
आमचे येथे श्रीकृपेकरून,
चार हजार सहाशे वेळा.

लॅमिंग्टन रोडचा इम्तियाज फोनवर ऐकतो तो टक.
ताई, आधी सगळं उतरवून घ्या, मग रडा.
तीन प्रती. दोन वेगळ्या जातीच्या. एक घराबाहेर.
दोन जातींचं मी बघते, म्हटलं,
तशा पत्रिका पुष्कळ केल्यात,
रात्री दहानंतर, गुपचूप, पंचवीसच नग.

तन्मय बंगळुरूहून म्हणतो, ढगात टाक ना, आई.
आमच्या चाळीत कुणी ढगात गेला
की खांद्यावर टॉवेल टाकून माणसं निघत.
तरी टाकलं, फुकटात मावेल तेवढं.
रात्रभर एक टक्का, दीड टक्का,
पहाटे लाइट गेली.

काय ठेवायचं, हे कुणी विचारलंच नाही.
मोडलेल्या लग्नांचं काय?
टागोर नगरच्या एका पार्टीचा गठ्ठा
न्यायला कुणी आलंच नाही,
चारशे पत्रिका माळ्यावर,
फाइल न्यू फोल्डर तीनमध्ये.
पुसायला बोट नेलं होतं.
घेतली. जागा कितीशी लागते.

नवी डिस्क, पहिली प्रत, साडेतीन तास.
उघडून बघा, इम्तियाज म्हणाला होता,
न उघडलेली प्रत म्हणजे नुसता डबा.
तन्मयच्या जुन्या लॅपटॉपवर उघडली
तर नावं होती, अक्षरं नव्हती.
चि. सौ. कां. सुगंधाच्या जागी
डॉलर, आकडे, टोप्या घातलेले परके स्वर,
बारा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त
चौकोन चौकोन.
फॉन्ट मागे राहिला होता.
वऱ्हाड पोचलं, भटजी घरीच.
परत गेले, फॉन्टचं फोल्डर आणलं.
एकेक काना उभा राहिला, वेलांटी वाकली,
सुगंधा आली. तिचा मामा आला,
आहेर आणू नये ही विनंतीसुद्धा.

राहिली घराबाहेरची.
लॉकरची दुसरी किल्ली जाऊबाईंकडे, म्हणजे तो विषय संपला.
शेवटी भांडुपला गेले, चेंदवणकरांकडे,
अकरा वर्षांनी.
ह्या माणसाने माझा गणपती चोरला होता,
मोरपिसाचा, एका रेषेतला, सोंड डावीकडे.
ते म्हणत, मीच त्यांचा चोरला.
दुकानात तीच खुर्ची, तेच फाटलेलं रेक्झिन.
बसा म्हणाले नाहीत. मी बसले.
विचारलं, तुमची वाजते का हो?
बराच वेळ ते कात्रीला तेल देत राहिले.
मग म्हणाले, दोन वर्षांपूर्वीच गेली.
छापलेले नमुने होते, त्यांवरून उतरवतोय,
रोज पाच-सहा.
दोन चहा सांगितले.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी
माझी डिस्क, लोकरीच्या मोज्यात, त्यांच्या कपाटात,
त्यांची माझ्याकडे रव्याच्या रिकाम्या डब्यात.
तारीख पेन्सिलीने. पोच नाही, पावती नाही.
पासवर्ड दोघांनीही लावलेला नाही,
त्यावर आम्ही बोललोही नाही.

मी त्यांची उघडत नाही.
एकदाच उघडली, गणपती बघायला.
सोंड उजवीकडे होती.